चारातली एक डिस्क गेली, शेठ म्हणतात, "तीन चालू आहेत ना?"

बिलबुकवाला | शनिवार, संध्याकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत औषधांच्या एका होलसेल पेढीवर अकाउंट्स बघतो. मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा एक गैरसमज पेढीवर बरीच वर्षं नांदतो आहे, त्यामुळे सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे.

सर्व्हर टॉवर टाइप, पाच वर्षांचा. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (चारही मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारखी जोडणी). त्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर (आत एसक्यूएल एक्स्प्रेस, मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस), टॅली आणि स्कॅन केलेली खरेदीची बिलं. बारा जण दिवसभर त्याच्यावर काम करतात.

आज दुपारी फडकं मारता मारता आमचा पोऱ्या म्हणाला, "साहेब, तीन दिवे हिरवे आणि हा एकच पिवळा का?" म्हटलं, कधीपासून आहे रे? तर म्हणे, "दिवाळीच्या साफसफाईत पण पिवळाच होता." माझ्या पोटात गोळा. शेठना सांगितलं तर त्यांचं उत्तर: "बाकी तीन चालू आहेत ना? मग सोमवारी बघू."

एका दुकानात ४ टीबीची डेस्कटॉपची डिस्क शिल्लक आहे. आत्ता आणून घालू का? शिवाय एक यूएसबी डिस्क सर्व्हरला कायम लावलेली असते, तिच्यावर रोज रात्री कॉपी होते असं आधीचा माणूस सांगून गेलाय.

नीलपरी | शनिवार, ७.५२

आत्ता काहीही घालू नका, काढू नका, सर्व्हर रीस्टार्ट तर अजिबात करू नका.

आधी एकच करा. ती यूएसबी डिस्क उघडा आणि सगळ्यात ताज्या फाइलची तारीख बघून इथे सांगा.

बिलबुकवाला | शनिवार, ८.०५

१४ मार्च.

तिरकस | शनिवार, ८.०६

या वर्षीचा ना?

बिलबुकवाला | शनिवार, ८.११

हो हो, याच वर्षीचा. पण आता नोव्हेंबर संपत आला. डिस्क भरली होती, कॉपी तिथेच थांबली आणि कुणालाच कळलं नाही.

नीलपरी | शनिवार, ८.३०

ठीक. म्हणजे मार्चनंतरची बिलं या घडीला फक्त त्या तीन डिस्कवर आहेत आणि तिघींपैकी एकही आजारी पडून चालणार नाही. शेठना हे एवढं वाक्य ऐकवा.

रेड ५ एका डिस्कचं जाणं सोसतं, दोनचं नाही. दिवाळीपासून तुम्ही त्या दुसऱ्या डिस्कच्या भरवशावर धंदा करताय. नवी डिस्क घातली की कंट्रोलर, म्हणजे सगळ्या डिस्क सांभाळणारं कार्ड, उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचून काढतो आणि त्यावरून चौथीवरचा मजकूर पुन्हा बनवतो, याला रीबिल्ड म्हणतात. पाच वर्षांच्या तीन म्हाताऱ्यांना एका रात्रीत गड चढायला लावण्यासारखं आहे ते. दुसरी डिस्क जाते ती बहुतेक वेळा याच चढणीवर. म्हणून आधी डेटा बाहेर काढा, मग डिस्क बदला. हा क्रम उलटा करू नका.

बाहेर काढताना: बिलिंगच्या डेटाबेसच्या फाइली फोल्डरमधून उचलून कॉपी करायच्या नाहीत. एसक्यूएल चालू असताना ती फाइल धड मिळत नाही, मिळाली तरी भरवशाची नसते. एसक्यूएलच्याच मॅनेजमेंट स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून त्या डेटाबेसचा रीतसर बॅकअप घ्या, एकच .बॅक फाइल तयार होईल. टॅली सगळ्या मशीनवर बंद करा आणि मग तिचा डेटा फोल्डर कॉपी करा. स्कॅन केलेली बिलं सगळ्यात शेवटी. हे सगळं नव्या, कोऱ्या यूएसबी डिस्कवर. ती मार्चवाली तशीच बाजूला ठेवा, पुसू नका.

एकूण डेटा किती आहे?

बिलबुकवाला | शनिवार, ८.४४

डेटाबेस ७ जीबी, टॅली ४, स्कॅन ५० च्या आसपास. साठेक जीबी झाला.

तिरकस | शनिवार, ८.४६

साठ जीबीसाठी बारा टीबीचं रेड ५! विकणाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं का त्या साली?

हिशेबी | शनिवार, ९.१५

नीलपरी, क्रम बरोबरच आहे. पण ती "चढण" आकड्यांत मांडू, म्हणजे शेठना पटेल. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने सलग वाचली तरी साडेसात तास लागतात. सर्व्हरवर कामही चालू असेल तर दिवसच्या दिवस जाऊ शकतो. डेस्कटॉपच्या डिस्कच्या माहितीपत्रकात "१० चा १४ वा घात इतक्या बिट वाचल्यावर एखादा सेक्टर वाचता येणार नाही" असा आकडा असतो. तितक्या बिट म्हणजे साडेबारा टीबी. तुमच्या तीन डिस्क मिळून वाचायचे आहेत १२ टीबी. कागदावर बघायला गेलं तर एक अडखळ ठरलेलीच.

मात्र त्या आकड्याला घाबरून जाऊ नका. ती कंपनीने दिलेली कमाल मर्यादा असते, प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात. आणि सर्व्हरसाठीच्या डिस्क असतील तर तोच आकडा दहापट चांगला असतो. डिस्कवरचा मॉडेल नंबर बघून घ्या.

नीलपरी | शनिवार, ९.२८

मान्य. मी स्वतः कितीतरी रीबिल्ड सुखरूप पार पडलेले पाहिलेत. पण बॅकअप १४ मार्चचा असताना "बहुतेक वेळा पार पडतं" यावर मी कुणालाही झोपू देणार नाही.

बिलबुकवाला, ती दुकानातली डेस्कटॉपची डिस्क नको. वाचताना सेक्टर अडला तर डेस्कटॉपची डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, आणि तेवढ्या वेळात कंट्रोलर तिला मेली असं समजून बाहेर काढतो. शिवाय हल्ली स्वस्त डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, एसएमआर म्हणतात त्याला. रीबिल्डसारखं सलग लिहिणं आलं की ती डिस्क धापा टाकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीसाठी) विकल्या जाणाऱ्या काही डिस्क अशा निघाल्या आणि ग्राहक कोर्टापर्यंत गेले. सर्व्हरच्या कंपनीच्या यादीत असलेलीच डिस्क मागवा, दोन दिवस उशीर झाला तरी.

जुनी_टेप | शनिवार, १०.१०

"तीन चालू आहेत ना" वाचून जुने दिवस आठवले.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात आयबीएमच्या एएस/४०० या धंद्यासाठीच्या कॉम्प्युटरवर बारा वर्षं काढली. हे यंत्र जून १९८८ मध्ये आलं आणि रेड हा शब्द ज्या निबंधातून आला तो पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा बर्कलीचा निबंधही त्याच साली. एएस/४०० ची एक खासियत होती. अमुक फाइल अमुक डिस्कवर, असा प्रकारच नाही. यंत्र स्वतःच एकेक वस्तू तुकडे करून सगळ्या डिस्कवर पसरवायचं. वेग उत्तम मिळायचा, पण संरक्षण घेतलेलं नसेल तर एक डिस्क जाणं म्हणजे त्या पूलमधल्या प्रत्येक फाइलचा एकेक लचका जाणं. दहातली एक डिस्क मेली तरी दहाच्या दहा टेपवरून पुन्हा भरायच्या. म्हणून आयबीएमच्या पुस्तकांत खरेदीच्या वेळचे प्रश्न डिस्कपुरते नसायचे. डिस्क मेली तर काय, डिस्क धरून ठेवणारा कंट्रोलर मेला तर काय, त्याच्या मागची बस (डेटाची वाट) मेली तर काय, असं एकेक पायरी वर चढत जायचं. मिररच्या (एकमेकींची हुबेहूब प्रत असलेल्या) दोन डिस्क एकाच कंट्रोलरवर असतील तर कंट्रोलर जाताच दोन्ही आंधळ्या.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही 'गो सेव्ह, पर्याय २१' चालवायचो. अख्खी सिस्टीम टेपवर. त्यासाठी सगळ्यांना बाहेर काढावं लागे, एकही टर्मिनल चालू चालत नसे. स्टोअरचे लोक शिव्या घालायचे. टेपचे दोन संच होते, एक तिजोरीत आणि एक रात्रपाळीच्या सुपरवायझरच्या घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

आणि एकदा खरंच डिस्क गेली. तिजोरीतली टेप लावली, ती अर्ध्यावर अडली. ड्राइव्हचं हेड कैक महिने साफ केलेलं नव्हतं, लिहिताना कुणी तक्रार केली नाही आणि वाचताना रडगाणं. बिस्किटाच्या डब्यातली टेप एक महिना जुनी होती, ती मात्र चालली. तो एक महिना आम्ही चलनांच्या कार्बन कॉप्यांवरून हाताने पुन्हा भरला. अकरा दिवस लागले. चलनं होती म्हणून.

खडूस_काका | शनिवार, १०.३२

बिलबुकवाला, डिस्क बदलण्याआधी एक ऐका. आमच्याकडे (नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी आहे) सपोर्टवाला फोनवर म्हणाला, "डिस्क नंबर दोन फॉल्टी आहे." आमच्या पठ्ठ्याने डावीकडून दुसरी ओढली. स्लॉट शून्यापासून मोजतात हे त्याला माहीत नव्हतं. आजारी होती तिसरी, याने धडधाकट काढली. दोन गेल्या, रेड ५ कोसळलं.

खरी मजा पुढे. घाबरून त्याने ती परत खुपसली. स्क्रीनवर प्रश्न आला की परकी रचना सापडली आहे, इम्पोर्ट करू की क्लिअर करू? त्याला वाटलं क्लिअर म्हणजे दोष क्लिअर. पुसली गेली ती रेडची रचनाच.

तिरकस | शनिवार, १०.३५

अगागागा.

खडूस_काका | शनिवार, १०.४१

म्हणून: कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लोकेट' किंवा 'ब्लिंक' असा पर्याय असतो, तो दाबला की त्या डिस्कचा दिवा लुकलुकतो. लुकलुकणारीच काढायची. शिवाय चारही डिस्कचे सिरीयल नंबर आणि स्लॉट आधीच कागदावर लिहून ठेवा. हे सगळं चालू असताना चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं साधन) वगैरे चालवायचं नाही. मोडलेल्या रेडवर चेकडिस्क म्हणजे जखमेवर तिखट.

बिलबुकवाला | रविवार, रात्री ११.२०

अपडेट. काल रात्री दीडपर्यंत बसून तिन्ही प्रकारचा डेटा नव्या यूएसबी डिस्कवर घेतला. स्कॅन कॉपी होताना एका फोल्डरवर दहा मिनिटं अडून राहिलं, मी देवाचं नाव घेत बसलो होतो, मग सुटलं. आज घरच्या लॅपटॉपवर टॅलीचा डेटा उघडून पाहिला, काल संध्याकाळचं शेवटचं व्हाउचर दिसतंय.

शेठना "दुसऱ्या डिस्कच्या भरवशावर धंदा" हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. एक मिनिट गप्प बसले. मग म्हणाले, "हे दिवाळीलाच का नाही सांगितलंस?" यावर काय बोलणार. डिस्क कंपनीकडून मागवली, मंगळवारी येईल.

कंट्रोलरच्या नोंदी काढल्या. दिवाळीत नाही, डिस्क ऑगस्टच्या ९ तारखेला गेलीय. बजर वाजत असणार. चौकशी केली तेव्हा कळलं, काउंटरच्या मुलाने कुठलंसं बटण दाबून तो आवाज बंद केला होता. "फार किटकिट करत होतं सर."

नीलपरी | सोमवार, सकाळी ९.०५

शाब्बास. आणि ही ऑगस्टची गोष्ट लिहून ठेवा, कारण तुमच्या आराखड्यातलं पहिलं कलम तीच आहे. पैसे मोजून रेड घेतला, रेडने आपलं काम चोख केलं, डिस्क मेली तरी एक बिल अडलं नाही. आणि त्यामुळेच कुणाला पत्ता लागला नाही. तुमच्याकडे साडेतीन महिने निरोप घ्यायलाच कुणी नव्हतं.

कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरला ईमेल पाठवता येतो. तुमचा, शेठचा आणि बाहेरच्या एका माणसाचा पत्ता घाला. शिवाय "सगळं ठीक आहे" असा आठवड्याचा एक मेल लावा. फक्त बिघाडाचाच मेल येणार असेल तर मेल न येण्याचे दोन अर्थ होतात: सगळं ठीक आहे, किंवा मेल पाठवणारंच बंद पडलंय.

कुणी म्हणेल की डिस्कचं 'स्मार्ट' (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघत बसा, आधी कळतं. बघाच, पण त्याच्यावर विसंबू नका. २००७ मध्ये गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त अशा होत्या की 'स्मार्ट'च्या चार महत्त्वाच्या लक्षणांपैकी एकही आधी दिसलं नव्हतं.

आणि कंट्रोलरवर बॅटरी असते तीही तपासा. पाच वर्षांत ती फुगते किंवा मरते. मग वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेलं सांभाळायला कुणी नसतं. बहुतेक कंट्रोलर अशा वेळी आपणहून सावध होतात आणि वेग पाडतात. "हल्ली सर्व्हर स्लो झालाय" या तक्रारीच्या मुळाशी कधी कधी हीच बॅटरी असते.

हिशेबी | सोमवार, ९.४०

चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असणार. एकाच कारखान्यातल्या, एकाच आठवड्यातल्या, तेवढेच तास चाललेल्या. म्हणजे रेडच्या गणितात ज्या डिस्क "स्वतंत्रपणे मरतात" असं धरलेलं असतं, त्या खरं तर जुळ्या बहिणी असतात.

याचं टोकाचं उदाहरण: २०१९ च्या नोव्हेंबरात सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) बदला. तीन वर्षं, २७० दिवस, ८ तास. संगणकात १५ बिटांत मावणारी संख्या संपली की पुढचा तास मोजता येत नाही, त्यातला प्रकार. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या डिस्क एकाच तासाला जाणार. तिथे रेड ५ काय, दोन डिस्क गेल्या तरी टिकणारं रेड ६ काय, कुणीच वाचवत नाही. आता एक नवी येतेय, उरलेल्या तीनपैकी आणखी एक सहा महिन्यांनी बदला. वयं वेगळी होतील.

सीए_ताई | सोमवार, दुपारी २.१५

डिस्कमधलं मला कळत नाही, पण कागदाचं सांगते. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. "सर्व्हर गेला" हे उत्तर अधिकारी ऐकून घेत नाही. पेढी भागीदारी असेल तर इथपर्यंतच. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याने आठ वर्षं. शिवाय ऑगस्ट २०२२ च्या बदलानंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं बंधनकारक आहे. आधी तिथे "ठरावीक काळाने" असा शब्द होता, आता "रोज". १४ मार्चला थांबलेला बॅकअप ऑडिटरच्या नजरेस पडला तर तो शेरा मारणारच.

दुसरं, "बंद पडलं तर दोन दिवस हाताने बिलं फाडू" असं शेठ म्हणतील. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुकानदाराला दिलेल्या प्रत्येक बिलाला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं. पोर्टलवर बसून एकेक भरता येतं, पण औषधांची बिलं, प्रत्येक ओळीला बॅच आणि एक्स्पायरी. किती होतील दिवसाला?

बिलबुकवाला | सोमवार, ३.००

रोज ३५० च्या आसपास बिलं. लिमिटेड आहे, उलाढालही वर आहे. ताई, तुमची पोस्ट शेठना वाचून दाखवली. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून विचारलं, "किती खर्च येईल?"

नीलपरी | सोमवार, ४.२०

मग आता शेठना दोनच गोष्टी विचारा. बिलिंग जास्तीत जास्त किती तास बंद राहिलेलं चालेल? आणि जास्तीत जास्त किती तासांचं काम पुन्हा भरायची तयारी आहे? या दोन उत्तरांवर सगळा खर्च ठरतो, डिस्कच्या ब्रँडवर नाही. "एक मिनिटही नाही" असं म्हणाले तर त्याची किंमत सांगा, लगेच चार तासांवर येतील.

बिलबुकवाला | सोमवार, ७.१०

अगदी तस्संच झालं. आधी "बंद पडायलाच नको". मग चार तास बंद आणि दोन तासांचं काम, यावर ठरलं.

नीलपरी | सोमवार, ९.००

दोन तासांचं काम म्हणजे डेटाबेसचा बॅकअप दर दोन तासांनी. एसक्यूएल एक्स्प्रेसमध्ये वेळापत्रक लावणारा एजंट नसतो, म्हणून तर असल्या पेढ्यांवर बॅकअप राहून जातो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून बॅकअपची एक ओळ चालवा, ७ जीबीला काही मिनिटं पुरतात. तो दुसऱ्या एखाद्या मशीनवर पडू दे, सर्व्हरवर नको. त्या मशीनचा पासवर्ड सर्व्हरवर साठवू नका. रॅन्समवेअर (खंडणीखोर व्हायरस) सर्व्हरवर शिरलं की जिथे जिथे हात पोचतो ते सगळं कुलूपबंद करतं. कायम लावलेली यूएसबी डिस्क तर पहिल्या पाच मिनिटांत.

मग दोन यूएसबी डिस्क, सम आणि विषम. सम तारखेला एक लागते, विषमला दुसरी, आणि जी लागलेली नाही ती इमारतीत नसते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं साधन) लावा, कारण ती डिस्क कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीतून जाणार.

क्लाउडला साठ जीबी पहिल्यांदा चढायला २० एमबीपीएसच्या लाइनवर सात तास लागतील, एका रविवारी चढवून टाका. पुढे रोज फक्त बदल जातात. सर्व्हर भारतातला निवडा, ताईंनी सांगितलंच आहे. पण टॅलीचा चालू फोल्डर क्लाउड ड्राइव्हच्या सिंकमध्ये टाकणं म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

वाशिष्ठीकाठचा | सोमवार, ९.३५

"इमारतीत नसते" याला माझ्याकडून दहा टाळ्या. चिपळूणचा पूर, २२ जुलै २०२१. आमचा सर्व्हर तळमजल्यावर, टेबलाखाली. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, फार व्यवस्थित, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पाणी उतरल्यावर दोन्ही एकाच चिखलात सापडले. आमचं जे वाचलं ते बँकेला मेल केलेल्या स्टॉक स्टेटमेंटांमुळे.

तुम्ही सांगलीकर, तुम्हाला काय सांगायचं. २०१९ चा पूर पाहिलात. आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं तुमच्याकडे. सर्व्हर कुठल्या मजल्यावर आहे?

बिलबुकवाला | सोमवार, ९.४१

तळमजला. उद्या वर नेतो.

नीलपरी | सोमवार, ९.४३

उद्या नाही! रीबिल्ड पुरा होईपर्यंत सर्व्हर हलवायचा नाही!

राइनकाठचा_पुणेकर | सोमवार, ११.५०

क्लाउडबद्दल एक पुरवणी. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पुरती खाक झाली. मी नदीपलीकडे जर्मनीत राहतो, आमच्या ऑफिसात आठवडाभर तोच विषय. ज्यांनी बॅकअप त्याच आवारात ठेवला होता त्यांचं सगळं गेलं. "क्लाउडवर आहे" म्हणजे शेवटी कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी इमारतीत आहे. सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही एकाच कंपनीकडे घेत असाल तर कुठलं गाव हे विचारून घ्या.

बिलबुकवाला | बुधवार, संध्याकाळी ६.३०

डिस्क काल दुपारी आली. 'लोकेट' दाबलं, स्लॉट २ लुकलुकला, म्हणजे डावीकडून तिसरी. खडूस काका, तुमची आठवण काढूनच हात घातला. रीबिल्डला १९ तास लागले. एकाहत्तर टक्क्यांवर एका जुन्या डिस्कवर वाचण्याच्या दोन चुका नोंदल्या गेल्या आणि मी जेवण सोडून सर्व्हरसमोर येऊन बसलो. पण पुढे सरकलं. आता चारही हिरवे.

नीलपरी | बुधवार, ७.००

ती दोन चुकांवाली पुढची बदला. महिन्यातून एकदा कंट्रोलरला सगळ्या डिस्क वाचून काढायला लावा, पॅट्रोल रीड म्हणतात. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फाइलीखाली खराब सेक्टर लपलेले असतात, ते रीबिल्डच्या दिवशी सापडण्यापेक्षा निवांत रविवारी सापडू देत.

पुढचा सर्व्हर घ्याल तेव्हा रेड ५ घेऊच नका. साठ जीबीला दोन एसएसडीचा साधा मिरर पुरे. प्रत्येकीवर पूर्ण प्रत असते, पुनर्बांधणी म्हणजे निव्वळ कॉपी, तीही काही मिनिटांत.

आता उरली एकच गोष्ट आणि सगळे तीच टाळतात. बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर सगळं उभं करून दाखवा. घड्याळ लावून.

बिलबुकवाला | पुढचा रविवार, रात्री ९.१५

केलं. शेठ स्वतः खुर्ची टाकून बसले होते, "चार तास" म्हणत.

स्टोअरमधला एक जुना डेस्कटॉप घेतला. पहिला तास बिटलॉकरची किल्ली शोधण्यात गेला. मी ती जपून सर्व्हरवरच्या एका फाइलीत ठेवली होती. म्हणजे खरंच सर्व्हर गेला असता तर कुलूपही आमचं, डिस्कही आमची, आणि आत आम्हालाच प्रवेश नाही. आता किल्ली कागदावर, एक शेठच्या तिजोरीत आणि एक सीएंकडे.

मग डेटाबेस चढेना. डेस्कटॉपवर एसक्यूएल २०१४ होतं, सर्व्हरवर २०१९. नव्याचा बॅकअप जुन्यावर चढत नाही हे तेव्हा कळलं. २०१९ डाउनलोड करून बसवेपर्यंत दीड तास. डेटा आला, बिलिंग उघडलं, तर म्हणे लायसन्स या मशीनचं नाही. रविवार, कंपनीचा फोन बंद. त्यांच्या सांगलीतल्या डीलरला शेठनी जेवणावरून उठवलं, त्याने तात्पुरता कोड दिला. पहिलं बिल छापलं तेव्हा पाच तास वीस मिनिटं झाली होती, आणि ते बिलही आडवं छापून आलं कारण प्रिंटरची सेटिंग्ज बॅकअपमध्ये नव्हतीच.

शेठ चिडले नाहीत. म्हणाले, "पुन्हा कधी करायचं?" तीन महिन्यांनी ठरलंय. एसक्यूएल २०१९ चा सेटअप, बिलिंगचा सेटअप, प्रिंटरच्या सेटिंग्जचे फोटो, सगळं आता सम-विषम दोन्ही डिस्कवर आहे.

सर्व्हरच्या दारावर कागद चिकटवलाय. स्लॉट शून्य ते तीन, कुठल्यात कुठला सिरीयल नंबर. पिवळा दिवा दिसला किंवा बजर वाजला तर आवाज बंद करण्याआधी मला फोन, मी नसलो तर शेठना. कुणीही डिस्क ओढायची नाही. कंपनीचा सपोर्ट नंबर, वॉरंटी कधी संपते, सुटी डिस्क कुठल्या कपाटात (हो, एक आणून ठेवली). खाली काउंटरच्या मुलाची सही घेतलीय.

जुनी_टेप | रविवार, ९.४०

पाच तास वीस मिनिटं! आमचे अकरा दिवस होते हो.

तिरकस | रविवार, ९.४४

आडव्या बिलाचा फोटो टाका.

बिलबुकवाला | रविवार, १०.०२

शेठनी फ्रेम करायला ठेवून घेतलंय, गंमत नाही. एक शेवटचा प्रश्न. ती मेलेली डिस्क वॉरंटीत नाही. भंगारवाला वीस रुपये द्यायला तयार आहे. देऊ का?

खडूस_काका | रविवार, १०.०८

मेलेली म्हणजे कंट्रोलरच्या दृष्टीने मेलेली. चकत्यांवर तुमच्या दुकानदारांच्या उधाऱ्यांचे तुकडे अजून आहेत. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या, ड्रिलने आरपार तीन भोकं पाडा, मग द्या भंगारात.

बिलबुकवाला | सोमवार, सकाळी १०.३०

पाडली. भंगारवाला आता पंधराच देतो म्हणतोय.